मराठवाड्यासाठी नवी वीजनिर्मिती आखताना: सौर, वायू आणि कोळसा यांचा तासनिहाय हिशेब

वीजनिर्मितीच्या आराखड्याची बैठक बहुधा मेगावॅटच्या आकड्याने सुरू होते आणि तिथेच गाडी रुळावरून उतरते. १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प आणि १०० मेगावॅटचा कोळशाचा संच तक्त्यात एकाखाली एक लिहिले की त्यांची बेरीज होते. प्रत्यक्षात पहिला दिवसाला सरासरी साडेचार-पाच तास पूर्ण क्षमतेने चालल्याइतकीच वीज देतो, आणि संध्याकाळी सात वाजता शून्य. त्यामुळे मराठवाड्यासारख्या प्रदेशाचा आराखडा करताना पहिला प्रश्न ‘किती मेगावॅट’ हा नसून ‘कोणत्या तासाला’ हा असावा.

त्यासाठी उपकेंद्रांतून किमान तीन वर्षांची तासागणिक मागणी मिळवावी. वर्षाचे ८,७६० तास असतात आणि त्यांतला एकही गाळू नये. गावठाणाच्या वाहिन्या आणि कृषिपंपांच्या वाहिन्या वेगळ्या मांडाव्यात, कारण दोन्हींचा स्वभाव निराळा आहे. येथे एक फसगत हमखास होते: भारनियमनाच्या तासांत नोंदवहीत दिसणारी मागणी ही खरी मागणी नसून पुरवलेली वीज असते. बंद ठेवलेल्या वाहिनीचा शून्य तसाच घेतला, तर नेमक्या तुटवड्याच्या तासाला मागणी कमी असल्याचे चित्र उभे राहते. त्याच वाहिनीच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांवरून तो भार परत मिळवावा लागतो. मग प्रत्येक तासाच्या मागणीतून उपलब्ध सौर आणि पवन वीज वजा करावी. उरते ती निव्वळ मागणी, आणि नवी निर्मिती तिच्यासाठी आखायची असते.

वर्षातले काही दिवस मात्र स्वतंत्र कागदावर काढून पाहावेत: रब्बीचे पंप चालू असलेली जानेवारीची दुपार, पंखे न थांबणारी मेची रात्र, वारा पडलेली ऑक्टोबरची संध्याकाळ आणि पावसाने ओढ दिलेला ऑगस्ट. हा शेवटचा दिवस अनेकजण विसरतात. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. ज्या महिन्यात पंप बंद असतील असे गृहीत धरलेले असते, त्याच महिन्यात ते सुरू झाले.

नवीन काही उभारण्यापूर्वी मागणी हलवता येते का, हे तपासावे. कृषिपंपांना रात्रीऐवजी दिवसा वीज देणे हा शेतकऱ्याच्या झोपेचा आणि सापविंचवाच्या भीतीचा प्रश्न आहेच, पण नियोजनाच्या दृष्टीनेही तो भार सूर्याच्या तासांत नेऊन बसवणे आहे. २०१७ पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच विचाराची आहे. छोटा प्रकल्प गावाजवळच्या ३३/११ केव्ही उपकेंद्राला जोडला की लांबच्या वाहिनीतली गळतीही वाचते. जमीन मात्र मेगावॅटमागे साधारण चार ते पाच एकर लागते, आणि सातबारा स्वच्छ असलेली, उपकेंद्राच्या टप्प्यातली, पडीक जमीन कागदावर दिसते तितकी सापडत नाही. मोठा सौर प्रकल्प दीड वर्षात उभा राहू शकतो; त्याची वीज वाहून नेणाऱ्या उच्चदाब वाहिनीला त्याहून अधिक काळ लागतो, म्हणून वाहिनीचा प्रस्ताव आधी पाठवावा.

कोळशाकडे वळताना पाण्यापासून सुरुवात करावी. ६६० मेगावॅटचा एक संच ८५ टक्के भारावर चालला, तर दिवसाला सुमारे १३,५०० मेगावॅट-तास वीज तयार होते (एक मेगावॅट-तास म्हणजे १,००० युनिट). युनिटमागे साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरला, तर रोज पावणेनऊ हजार टन, म्हणजे दोनहून अधिक मालगाड्या लागतात. मेगावॅट-तासाला तीन घनमीटर पाणी धरले, तर रोज चार कोटी लिटर आणि वर्षाला सुमारे अर्धा टीएमसी (अब्ज घनफूट). गोदावरीवरील खडका बंधाऱ्यावर अवलंबून असलेल्या परळीच्या केंद्राला २०१३ आणि २०१५ मध्ये पाण्याअभावी संच बंद ठेवावे लागले, आणि २०१६ मध्ये लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. या प्रदेशात नवा कोळसा संच उभारण्यापेक्षा विदर्भातल्या खाणींजवळच्या केंद्राशी दीर्घ मुदतीचा करार करून वीज तारेने आणणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तसेही मराठवाडा राज्याच्या जाळ्याचाच भाग आहे. करारात किमान भाराची अट वाचून घ्यावी. संच ५५ टक्क्यांखाली उतरू शकत नसेल, तर ६६० मेगावॅटचा संच भर दुपारीही ३६३ मेगावॅट रेटत राहील आणि तेवढी सौर वीज सोडून द्यावी लागेल.

वायूचे गणित थोडक्यात संपते. संच लवकर चालू-बंद होतो आणि संध्याकाळच्या मागणीच्या चढावर तो उत्तम, पण १,००० मेगावॅटचा संयुक्त चक्र प्रकल्प (वायूच्या टर्बाइनच्या उष्णतेतून वाफेचा टर्बाइनही चालवणारा) दिवसभर पूर्ण भारावर चालवायला सुमारे ४५ लाख घनमीटर वायू लागतो. दाभोळचा जवळजवळ २,००० मेगावॅटचा प्रकल्प देशी वायू आटल्यावर थांबला होता. वायूपुरवठ्याचा पक्का करार हातात नसेल, तर ही क्षमता आराखड्यात शून्य धरावी आणि संध्याकाळचे तीन-चार तास बॅटरी साठवणीने किंवा घाटघरसारख्या उदंचन जलविद्युत प्रकल्पातून (जास्तीच्या विजेने पाणी वर चढवून ठेवायचे आणि गरजेला खाली सोडून वीज करायची) भागतात का, ते पाहावे.

वीज नियामक आयोगाकडे जाण्यापूर्वी आराखड्याची एक कसोटी घ्यावी. ऑक्टोबरचा एक आठवडा निवडून सर्वांत मोठा कोळसा संच बंद आहे आणि सलग दोन दिवस ढगाळ आहेत असे मानावे, आणि १६८ तास एकेक करून भरावेत. जे तास रिकामे राहतील, त्यांच्यापुढे बाजारातून घ्यायच्या विजेचा दर आणि ती आणणाऱ्या वाहिनीचे नाव लिहावे. नाव लिहिता आले नाही, तर तेवढा भाग पुन्हा आखावा.