कल्चरल स्टडीजला येताय? आधी एका शाळेतली टवाळ पोरं बघा

इंजिनिअरिंग करून यूकेत कल्चरल स्टडीज, म्हणजे रोजच्या जगण्यातली संस्कृती आणि त्यात कोणाची सत्ता चालते याचा अभ्यास, घेतलं तेव्हा घरच्यांना वाटलं हा नाच-गाणी शिकायला चाललाय, मलाही फार वेगळं माहीत होतं असं नाही म्हणा. पहिला महिना थिअरीच्या जाडजूड पुस्तकांत घातला आणि आपटलो, तुम्ही तसं करू नका, सरळ बर्मिंगहॅमपासून सुरू करा. तिथल्या युनिव्हर्सिटीत १९६४ ला रिचर्ड होगार्टनं याच विषयाचं एक सेंटर काढलं, पुढे मूळचा जमैकाचा स्टुअर्ट हॉल त्याचा डायरेक्टर झाला. क्लास (म्हणजे कामगार, मध्यम असे वर्ग), जेंडर, वंश हे सिलॅबसमध्ये तीन वेगळे चॅप्टर असतात पण खरं तर ती तिथल्या लोकांची आपसातली भांडणं आहेत.

म्हणजे बघा, तिथल्या पॉल विलिसनं एका शाळेतल्या कामगारांच्या १२ पोरांचा पिच्छा पुरवला, पुस्तक आलं १९७७ ला. पोरं मास्तरांना गुंडाळतात, अभ्यासू मुलांची टर उडवतात, त्यांना वाटतं आपण शाळेला हरवलं, आणि त्याच मस्तीत ती आपल्या पायांनी बापासारखी फॅक्टरीत जाऊन उभी राहतात. आमचा अख्खा मागचा बाक डोळ्यासमोर आला राव.

पण त्याच सेंटरमधली अँजेला मॅकरॉबी विचारते, पोरी कुठायत? आणि ही पोरं घरी कशी वागतात ते का नाही पाहिलं? मग १९८२ ला तिथलीच हेझल कार्बी गोऱ्या फेमिनिस्टांनाच धरते, की तुम्ही कुटुंबाला बाईच्या जाचाचं मूळ म्हणता, पण वंशवाद झेलणाऱ्या काळ्या बायकांना तेच घर आधारही असतं. हे तिघं याच क्रमानं वाचा, बाकीचं नंतर.

माझा पहिला निबंध इथल्या मराठी लोकांच्या गणपतीवर होता. ढोल, मिरवणूक, व्हिसावाले विरुद्ध सेटल झालेले, सगळं रंगवून लिहिलं. मार्क बेताचेच पडले, आणि समासात मॅडमनी लिहिलेलं, स्वयंपाक कोण करत होतं? म्हणजे विलिसवर टीका पाठ करून मी त्याच खड्ड्यात. पुढच्या वर्षी वही घेऊन किचनमध्ये गेलो तर एक काकू म्हणाल्या, वही ठेव, हात धू, कळ्या पाडायला बस. दोन तासांत जे ऐकलं त्यावर पूर्ण डिझर्टेशन झालं, त्यात जातीचंही निघालं, जे मी आधी वंशाच्या खान्यात कोंबायला बघत होतो आणि ते तिथे काही बसेना. मोदक मात्र माझे सगळे फुटले.