स्कॉटिश आणि आयरिश पूर्वजांच्या नोंदी कशा शोधायच्या

साइट उघडायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना फोन लावा, आणि नुसतं नाव नाही तर गाव आणि पंथही विचारा, कारण कॅथलिक की प्रेस्बिटेरियन (तिकडचा एक प्रोटेस्टंट पंथ) यावर कुठलं रजिस्टर बघायचं ते ठरतं.

स्कॉटलंड असेल तर तुमचं नशीब चांगलं. स्कॉटलंड्सपीपल या सरकारी साइटवर अकाउंट काढा, इंडेक्स शोधणं फ्री आहे, मूळ पान बघायला क्रेडिट्स, म्हणजे पैसे भरून घेतलेले पॉइंट्स, लागतात. सरकारी नोंदणी 1855 पासूनची. पहिले क्रेडिट्स मृत्यूच्या नोंदीवरच घाला, कारण त्यात वारलेल्या माणसाच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा, म्हणजे एका पानात अख्खी पिढी मागे जाता येतं. बाईला शोधताना माहेर-सासर दोन्ही आडनावं टाकून बघा. अजून एक, थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव द्यायची तिकडे पद्धत होती, आपल्याकडे आजोबांचं नाव ठेवतात तसंच, त्यामुळे एकाच गावात एकाच नावाचे चारपाच जण निघतात, तेव्हा बायकोचं नाव जुळल्याशिवाय आपला म्हणू नका. 1855 च्या आधीचं सगळं चर्चच्या रजिस्टरांत.

आयर्लंडचं मात्र जिकिरीचं काम. 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं रेकॉर्ड ऑफिस जळालं आणि जुन्या जनगणना बऱ्याचशा गेल्या, फार वाईट वाटतं. पूर्ण अशा 1901 आणि 1911 च्या आहेत, नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर फ्री. दोन्ही शेजारी ठेवून बघा, 1901 ला 56 वर्षांचा माणूस 1911 ला 70 चा झालेला दिसू शकतो! मधल्या काळात सत्तरीनंतरची पेन्शन सुरू झाली होती आणि जन्माचा दाखला बऱ्याच जणांकडे नव्हता, म्हणून वयावर डोळे झाकून विश्वास नको. मग आयरिशजिनिऑलॉजी साइटवर 1864 पासूनचे जन्म-मृत्यू बघा, तेही फ्री. खरी किल्ली म्हणजे टाउनलँडचं नाव, आपल्या वाडीएवढी जागा असते ती. ते मिळालं की ग्रिफिथ्स व्हॅल्युएशनमध्ये, म्हणजे 1847 ते 1864 च्या जमीन-घरांच्या यादीत, कोण कुणाचं कूळ होतं ते कळतं. कॅथलिक रजिस्टरं नॅशनल लायब्ररीच्या साइटवर आहेत, पण बरीच लॅटिनमध्ये, तिथे जेम्स हा जाकोबुस म्हणून सापडेल. आडनावाच्या आधीचे ओ आणि मॅक लावून, काढून, दोन्हीने शोधा.

पूर्वज फौजेत किंवा रेल्वेत असताना मुंबई-पुण्याकडे येऊन राहिला असेल तर फिबिस, म्हणजे फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी या संस्थेचा फ्री डेटाबेस बघा, मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन या नोंदींच्या नकला लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत.