एसटीत जागा धरायची रीत
परतवाड्याहून धारणीकडे जाणारी साधी एसटी फलाटाला लागली की आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या. खिडकीतून दुपट्टा टाकायचा तर माणशी एकच जागा, तीही सोबती स्टँडवर हजर असेल तरच. पुढच्या गावी चढणाऱ्यासाठी जागा अडवणे चूकच. रुमाल कोणाचा हे कळत नाही म्हणून भांडण पेटते. तेव्हा एकाने लगेच आत जाऊन बसावे. खिडकीवरची पाटी वाचा. महिला, दिव्यांग यांच्या राखीव जागेवर दुपट्टा चालत नाही, आणि आरक्षणाचे तिकीट असलेला आला की उठायचे. मेळघाटच्या घाटात ज्याला मळमळते त्याला पुढची, खिडकीजवळची जागा द्या. सर्वांत मागचे बाकडे मागच्या चाकांच्याही पलीकडे असते, तिथे हादरे फार बसतात. पोते मधल्या वाटेत नको, सीटखाली सरकवा.