अल्टरनेटिव्ह रॉकचा अंक काढताय? आधी या चुका टाळा

आमच्या पहिल्या अंकाचं कव्हर काळ्यावर लाल अक्षरांचं होतं. स्क्रीनवर बघून आम्ही चौघं खूश, प्रेसमधून गठ्ठे आले तेव्हाही खूश, आणि मग पुण्यातल्या एका गिगला, म्हणजे बँडच्या लाइव्ह शोला, स्टॉल लावला तर तिथे स्टेजचा निळा एलईडी पार मागपर्यंत येत होता आणि निळ्या उजेडात लाल शाई काळीच दिसते, त्यामुळे अंकाचं नाव, बँडचं नाव सगळं गायब आणि टेबलावर नुसते काळे चौकोन. लोक येऊन "हे काय आहे?" विचारून पुढे जायचे. लाल उजेड असता तर उलटं झालं असतं, म्हणजे पांढऱ्यावरची लाल अक्षरं पुसल्यासारखी दिसली असती. आता कव्हर फायनल करायच्या आधी आम्ही प्रिंटआउट काढून, खोलीतला दिवा बंद करून, मोबाइलवर आधी निळी आणि मग लाल स्क्रीन लावून त्या उजेडात हातभर अंतरावरून बघतो. आपला अंक बुकस्टॉलवरच्या ट्यूबलाइटखाली विकला जात नाही, अंधारात विकला जातो, आणि हे डिझाइन करताना डोक्यात नसेल तर बाकी सगळं करूनही अंक हातात घेतला जात नाही.

दुसरी गोष्ट वाचकाची. असा अंक घेणारी माणसं मोजकी असतात, आणि त्यातली निम्मी तुमच्यापेक्षा जास्त ऐकलेली असतात. ती चित्रं बघायला येत नाहीत, वाचायला येतात. एखाद्या बँडचा ड्रमर का बदलला, गिटारचा तो आवाज कुठल्या पेडलमधून आला, अल्बम कुठल्या खोलीत रेकॉर्ड झाला हे त्यांना हवं असतं. तरी बहुतेक नवीन अंकांमध्ये डिझाइन करणारा असं धरून चालतो की अंक "रॉक दिसला" पाहिजे, आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

फाटका-जुना लुक उसना आणणं

फुकट डाउनलोड केलेलं ग्रंज टेक्श्चर (मळकट, ओरखड्यांचा तयार पोत), प्रत्येक पानावर कॉफीचे डाग, सेलोटेपची चित्रं. असं करू नका. 1976 मध्ये लंडनला मार्क पेरीने 'स्निफिन ग्लू' हे पंक रॉकचं घरगुती मासिक काढलं ते टाइपरायटर, स्केचपेन आणि झेरॉक्सवर, त्याचा खडबडीतपणा हातात होती ती साधनं वापरल्यामुळे आला होता. तुम्हाला तोच पोत हवा असेल तर तसाच मिळवा: हेडिंग प्रिंट करा, त्याची झेरॉक्स काढा, झेरॉक्सची झेरॉक्स, परत एकदा, मग ते 1200 डीपीआयला (इंचाला 1200 ठिपके) ब्लॅक-व्हाइट लाइन आर्ट म्हणून, म्हणजे करडे रंग न ठेवता, स्कॅन करा आणि फक्त 100 टक्के काळ्यात लावा. एका संध्याकाळचं काम आहे आणि ते दुसऱ्या कुणासारखंच दिसत नाही, कारण तुमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्स मशीनचे ओरखडे दुसऱ्या कुणाकडे नाहीत.

आणि 'रे गन' या अमेरिकन संगीत मासिकाचं उदाहरण सगळे देतात. त्याचा डिझायनर डेव्हिड कार्सनने 1994 मध्ये गायक ब्रायन फेरीची मुलाखत अख्खीच्या अख्खी झॅफ डिंगबॅट्समध्ये, म्हणजे नुसत्या चिन्हांच्या फाँटमध्ये लावली होती, हे खरं आहे. पण तीच मुलाखत अंकाच्या मागच्या पानांवर वाचता येईल अशा अक्षरात पण छापली होती हे फार कमी जण सांगतात. न वाचता येणारं पान करायला माझी हरकत नाही, अंकात एखादं असं पान असावं असं मला मनापासून वाटतं, फक्त ज्याने सहा तास बसून मुलाखत घेतली आणि ट्रान्सक्राइब केली त्याचं लिखाण त्यात मरू देऊ नका.

देवनागरीवर रोमन लिपीच्या सवयी लादणं

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे कारण मराठीत अंक काढणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

पहिलं, ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधली जागा. इंग्रजी पोस्टरमध्ये अक्षरं लांब-लांब ठेवली की छान दिसतात म्हणून तेच मराठी हेडिंगला केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. देवनागरीत ट्रॅकिंग शून्य ठेवा, मोकळेपणा हवा असेल तर शब्दांमधली जागा वाढवा किंवा अक्षराचा आकार वाढवा.

दुसरं, ओळींमधलं अंतर. वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं, म्हणजे रोमनला पुरतं तेवढं अंतर आपल्याला पुरत नाही. आम्ही मजकूर 11 पॉइंटला लावतो आणि ओळ 16.5 ला. पहिल्या अंकात 13 ठेवली होती, 'स्टुडिओत'चा उकार खालच्या ओळीतल्या 'गर्दी'च्या रफारात घुसला होता.

तिसरं, खोटे तिरके आणि खोटे ठळक. फाँटमध्ये बोल्ड नसताना बाहेरून जाड बॉर्डर लावली की 'ष', 'क्ष', 'ध' यांच्या पोटातली जागा बुजते. त्यापेक्षा ज्यात खरीच वेगवेगळी वजनं आहेत असा फाँट घ्या, 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' सात वजनांमध्ये मिळतो आणि मोफत आहे. एकदम जाडजूड हेडिंगसाठी त्यांचाच 'मोदक' फाँट आहे. आणि खरं सांगायचं तर हेडिंगसाठी सगळ्यात भारी उपाय म्हणजे एखाद्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून ब्रशने लिहून घेणं. आमच्या तिसऱ्या अंकाची सगळी हेडिंग्ज तशी आहेत आणि लोक अजून त्याबद्दल विचारतात.

इनडिझाइनमध्ये (पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मजकूर पेस्ट केल्यावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली किंवा जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसली तर फाँटला शिव्या देऊ नका, पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा, नव्वद टक्के वेळा तेवढ्यानेच सुटतं. आणि कुणी लेख श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये पाठवला असेल तर आधी युनिकोडमध्ये करून घ्या आणि मग परत एकदा पूर्ण वाचून काढा, कन्व्हर्टर जोडाक्षरांमध्ये चुका करतोच.

बँडची नावं वाक्यात हरवणं

ही चूक रोमनमध्ये सहसा होत नाही, आपल्या लिपीत होते. रोमनमध्ये पहिलं अक्षर कॅपिटल असतं म्हणून नाव लगेच कळतं. आपल्याकडे "टूल वापरून त्याने गिटारचा टोन बदलला" आणि "टूल ऐकून त्याने गिटारचा टोन बदलला" यात टूल हा बँड कुठे आणि अवजार कुठे हे पुढचा शब्द वाचेपर्यंत कळत नाही. लाइव्ह, बुश, कॅन, लो, ही सगळी बँडची नावं आहेत! "लाइव्ह लाइव्ह ऐकलं" असं वाक्य आमच्याकडे खरंच आलं होतं. अहमदाबादहून सुरू झालेला पोस्ट-रॉक बँड 'अ‍ॅज वी कीप सर्चिंग' घ्या, ते स्वतः नाव सगळं जोडून एकच शब्द म्हणून लिहितात, ते देवनागरीत जोडून लिहिलं तर वाचताना जीभ अडखळते आणि तोडून लिहिलं तर त्यांची ओळख बदलते.

उपाय एकच, पहिल्या अंकाच्या आधी एक पानाची स्टाइल शीट करा. आमचं असं आहे: बँडचं नाव सेमीबोल्डमध्ये, अल्बम एकेरी अवतरणात, गाणं दुहेरी अवतरणात, प्रत्यय अवतरणाच्या बाहेर चिकटून. जोडलेलं किंवा विचित्र स्पेलिंगचं नाव पहिल्यांदा येतं तिथे बाजूच्या समासात बँड लिहितो तसंच रोमनमध्ये छापायचं, पुढे देवनागरी. आणि उच्चार बँडलाच विचारायचा, फोन करून. तुमचा वाचक नाव चुकलेलं माफ करत नाही, आणि मला ते बरोबर वाटतं.

गिगचे फोटो जसेच्या तसे छापायला देणं

"फोटो स्क्रीनवर मस्त होता, छापून आल्यावर लाल ठिगळ झालं." हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. स्टेजवर नुसता लाल एलईडी असतो तेव्हा फोटोतला सगळा तपशील लाल चॅनेलमध्येच, म्हणजे फोटोच्या लाल, हिरवा, निळा या तीन थरांपैकी लाल थरातच असतो, हिरवा आणि निळा जवळपास काळे. तो सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांमध्ये, नेला की मॅजेंटा-पिवळ्याचा सपाट पट्टा होतो आणि गायकाचा चेहरा त्यात विरघळतो. फोटोशॉपमध्ये चॅनेल मिक्सर उघडा, मोनोक्रोम करा, लाल 100, बाकी शून्य, चेहरा परत येतो. लाल चॅनेलच पूर्ण फुटलेला असेल, म्हणजे चेहऱ्यावर सगळीकडे 255, तर हिरव्यात डोकावून बघा, तिथे थोडं काहीतरी शिल्लक असतं. निळ्या लाइटचे फोटो छापून जांभळे येतात, छपाईच्या शाईत तो निळा बसतच नाही, त्यामुळे ते पण ब्लॅक-व्हाइट केलेले बरे.

मॅपलिथोवर (चकाकी नसलेल्या साध्या कागदावर) छापणार असाल तर फोटो मुद्दाम थोडे उजळ करा कारण तो कागद शाई पितो आणि मधले करडे रंग गडद होतात, अंधारातला गिटारिस्ट मग पूर्णच अंधारात जातो. सगळ्यात काळा भाग 90-92 टक्क्यांवर थांबवा.

इन्स्टाग्रामवरून उचललेला फोटो 1080 पिक्सेल रुंद असतो. 300 डीपीआयला त्याचे होतात 9 सेंटिमीटर, आणि ए-फोर पानाची रुंदी आहे 21. म्हणजे पूर्ण पानावर तो फुटणारच. फोटोग्राफरला विचारा, मूळ फाइल मागा, परवानगी घ्या आणि त्याचं नाव फोटोच्या शेजारी छापा, शेवटच्या पानावरच्या यादीत नाही. या सीनमध्ये फोटोग्राफरला पैसे क्वचित मिळतात, निदान नाव तरी जागेवर असू दे.

काळं पान, पांढरी बारीक अक्षरं

चार रंगांचा गडद काळा आणि त्यावर 8 पॉइंटची पांढरी अक्षरं, चारातली एक प्लेट केसभर सरकली तरी अक्षराच्या कडेला रंगीत सावली येते आणि बारीक मात्रा बुजून जातात. काळ्या पानावर मजकूर लावायचाच तर 12 पॉइंट, मीडियम वजन आणि शक्य असेल तर फक्त 100 टक्के काळी शाई. मोठे काळे भाग हवेत तर चारही शायांचे टक्के मिळून 240 च्या वर नेऊ नका, साध्या कागदावर त्याहून जास्त शाई वाळत नाही आणि समोरच्या पानावर डाग उमटतो. आमचा एक अख्खा स्प्रेड (समोरासमोरची दोन पानं) असा गेलाय. प्रेसवाले काका आधीच म्हणाले होते, "एवढं काळं नको रे बाळा," आणि आम्ही ऐकलं नव्हतं.

पानांचा हिशोब पटकन सांगतो. सेंटर पिन (मधोमध पिन मारून बांधणी) असेल तर पानं चारच्या पटीत लागतात, आणि फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं, 16 चा धरला तर 32 किंवा 48 परवडतात, 36 केली की वरच्या चार पानांसाठी वेगळ्या प्लेटा. बाहेरच्या कडेला 3 मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची छपाई) द्या, आणि 48 च्या पुढे गेलात तर मधली पानं बाहेर सरकून जास्त कापली जातात, म्हणून पान क्रमांक कडेपासून किमान सेंटिमीटरभर आत.

बातम्यांना पानं देणं

अमित सैगल यांनी 1993 मध्ये अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे रॉकचं मासिक सुरू केलं तेव्हा लहान गावातल्या कॉलेजच्या पोरांपर्यंत नवीन बँडचं नाव पोचायला दुसरा रस्ताच जवळपास नव्हता, तेव्हा छापलेली बातमी सोन्यासारखी होती. आज तिमाही अंकात टूरच्या तारखा छापणं म्हणजे पान वाया घालवणं आहे, अंक हातात येईपर्यंत गिग होऊन गेलेली असते. ती दोन पानं एका लांब मुलाखतीला द्या. आणि ज्या बँडचा रिव्ह्यू आहे त्याच्या गिगची जाहिरात समोरच्या पानावर लावू नका, रिव्ह्यू कितीही प्रामाणिक असला तरी वाचकाला तो विकत घेतलेला वाटतो. जॅमरूमची (बँडच्या सरावाच्या खोलीची), गिटार सर्व्हिसिंगची जाहिरात तिथे चालते, लोक ती कापून पण ठेवतात.

नियमित अंक काढणार असाल तर नावाची नोंदणी आधी. मार्च 2024 पासून नवा नियतकालिक कायदा लागू आहे आणि अर्ज ऑनलाइन प्रेस सेवा पोर्टलवर होतो. लोगो पेंटरकडून रंगवून घ्यायच्या आधी नाव मिळतंय का ते बघा.

आणि सगळं तपासूनही चूक छापून गेलीच तर? दुसऱ्या अंकात आमच्याकडून एका नव्या बँडचं नाव शीर्षकातच चुकलं, 300 प्रती छापून झालेल्या. परत छापायला पैसे नव्हते. आम्ही पोस्टकार्डच्या अर्ध्या आकाराचं शुद्धिपत्र झेरॉक्स केलं, नाव मोठ्या अक्षरात बरोबर लिहिलं, खाली त्यांच्या पुढच्या गिगचा पत्ता आणि तारीख टाकली, आणि रात्रभर बसून प्रत्येक प्रतीत त्याच पानावर ठेवलं. बँडला आधी फोन केला, मग पहिली प्रत त्यांच्याच हातात दिली. त्या गिगला अंक घेतलेले काही जण ती चिठ्ठी हातात घेऊन आले होते.