कार्टूनच्या जुन्या डीव्हीडीवरच्या कंगवा-रेघा : माझा अनुभव

पात्र धावलं की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा. डिस्क खराब नव्हती, टीव्हीही नाही. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची आणि एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) व्हिडिओ २९.९७ चा, त्यामुळे फिल्मच्या दर ४ फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्यांत कापून ५ केल्या जातात. त्यातल्या काहींत दोन वेगळ्या चित्रांचे अर्धे एकत्र येतात, त्याच या रेघा.

आधी खात्री करा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये पळापळीचं दृश्य लावून ‘ई’ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. तीन स्वच्छ, दोन रेघांच्या, पुन्हा तीन स्वच्छ असं दिसलं की निदान पक्कं. (कार्टूनमध्ये एकच चित्र बरेचदा दोन फ्रेम टिकतं, म्हणून संथ दृश्यात हा क्रम कळत नाही.)

इथे डीइंटरलेस (ओळींच्या रेघा मिटवणारं फिल्टर) लावणं ही नेहमीची चूक. त्याने रेघा जातात, पण शाईची बारीक रेषा पायऱ्या-पायऱ्यांची होते. मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने डिस्कवरचा भाग संगणकावर उतरवून हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये डीटेलिसीन (५ फ्रेमच्या पुन्हा मूळ ४ करणारं फिल्टर) चालू केलं, फ्रेमरेट २३.९७६ ठेवला, रेषा सलग आली. श्रेयनामावली व्हिडिओवर नंतर चढवलेली असली तर तिथे रेघा उरतात, त्यासाठी सोबत डीकोंब (फक्त रेघा असलेल्या फ्रेमच दुरुस्त करणारं फिल्टर). डीनॉइझला (चित्रातले दाणे काढणाऱ्या फिल्टरला) हात लावू नका, रेषाच पुसट होते.

पाल (भारत-युरोपची टीव्ही पद्धत) डिस्कची गोष्ट वेगळी. तिथे फिल्म थोडी वेगाने चालवून सेकंदाला २४ फ्रेमच्या सरळ २५ करतात, म्हणून २४ मिनिटांचा भाग २३ मिनिटांत संपतो आणि बरेचदा आवाजही चिरका लागतो. त्यावर उपाय म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही ०.९६ पट वेगाने चालवणं.