जुन्या युरोपीय चित्रांतली तोडेदार बंदूक ओळखताना या चुका टाळा

पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या युरोपीय चित्रात बंदूक दिसली की आपण आधी नळी न्याहाळतो. नळी फार काही सांगत नाही. बंदूकवाल्याचे हात पाहा.

जळता तोडा, म्हणजे बार पेटवायचा धुमसता दोर, दिसला की लगेच ‘तोडेदार बंदूक’ लिहून मोकळं होणं ही सर्रास होणारी चूक. सुरुवातीच्या हातबंदुकीला चापच नव्हता. दांडा काखेत दाबायचा आणि दुसऱ्या हाताने तोडा नळीच्या कानाला, म्हणजे दारू पेटवायच्या भोकाला, लावायचा, तोफेला बत्ती द्यावी तसा. नजर तोड्यावर अडकली, तर नेम कोण धरणार? पुढे तोडा वाकड्या घोड्यात, म्हणजे त्याला धरणाऱ्या हलत्या दांडीत, बसला, चाप ओढला की तो रंजकीवर, म्हणजे कानाशी ठेवलेल्या चिमूटभर दारूवर, टेकू लागला, आणि दुसरा हात सुटला. अशा घोड्याच्या सगळ्यांत जुन्या चित्रांपैकी एक व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या १४११ च्या हस्तलिखितात आहे. तेव्हा बार उडवताना दोन्ही हात बंदुकीवर आणि डोळा नळीच्या रेषेत असेल, तरच तोडेदार म्हणा.

घोडा दिसत नाही? मग बंदुकीची कोणती बाजू आपल्याकडे आहे ते बघा. घोडा आणि रंजकीचा प्याला सहसा उजव्या अंगाला असतात. डावीकडून काढलेल्या चित्रात ते दिसणारच नाहीत.

सगळे शिपाई डावखुरे निघाले तर चित्रकाराला नावं ठेवू नका. लाकडी ठशाची किंवा तांब्याच्या कोरीव पत्र्याची छाप आरशासारखी उलटी उमटते. कमरेची तलवार तपासा. ती उजव्या बाजूला लटकत असेल, तर बहुधा अख्खं चित्रच उलटलेलं आहे. (चित्रकाराची सही सुलट दिसली म्हणून फसू नका, तेवढी ते आठवणीने उलटी कोरत.) भिंतीवरच्या विणलेल्या पडद्यांचंही तेच. २४ फेब्रुवारी १५२५ च्या पाव्हियाच्या लढाईचे सात भव्य पडदे बर्नार्ट व्हान ऑर्लीच्या आराखड्यांवरून ब्रुसेल्सला विणले गेले. आज ते नेपल्सच्या कापोदिमोंते संग्रहालयात आहेत. ब्रुसेल्सचे विणकर मागच्या बाजूने विणत, म्हणून आराखडा मुद्दाम उलटा काढावा लागे. नुसता आराखडा पाहून निष्कर्ष काढलात, तर डावं-उजवं सगळंच चुकेल.

घोड्यात तोडा नाही, हा चित्रकाराचा विसराळूपणा समजणारेही भेटतात. मीही त्यांतलाच होतो, डच चित्रकार याकोब द खेनची चित्रं नीट पाहीपर्यंत. त्याचं कवायतीचं पुस्तक १६०७ मध्ये हेगला छापलं गेलं. त्यात ११७ चित्रं: ४२ हलक्या बंदुकीची, ४३ टेकूवर ठेवून झाडायच्या जड मस्केटची, उरलेली भाल्याची. त्याचा शिपाई बार उडाला की पहिल्यांदा तोडा घोड्यातून काढतो आणि डाव्या हाताच्या बोटांत धरतो. मग प्याल्यात रंजक, प्याल्यावर झाकण, सांडलेली दारू फुंकून टाकणं, आणि नंतर नळीत दारू-गोळी, गजाने ठासणं. हे सगळं होत असताना घोडा रिकामाच असायचा. उघड्या दारूशेजारी निखारा कोण ठेवील? तोड्याची दोन्ही टोकं पेटलेली दिसतात तीही मुद्दामच. एक विझलं तर दुसरं हाताशी.

चित्राचा विषय कोणत्या काळातला आहे, यावरून हत्याराचं साल ठरवू नका. जर्मन चित्रकार आल्टडोर्फरने १५२९ मध्ये इ. स. पू. ३३३ ची, सिकंदराची लढाई रंगवली आणि स्वारांना आपल्या काळातली चिलखतं चढवली.

चक्र फिरवून ठिणगी पाडणारी बंदूक वेगळी: तिच्या घोड्याच्या जबड्यात दगड असतो, दोर नसतो.

आपल्याकडच्या संग्रहालयांतल्या तोड्याच्या बंदुकांवरून ही चित्रं ताडू नका. आपल्या बंदुकीत घोडा दस्त्याच्या खाचेतून वर येतो आणि पुढे, नळीच्या तोंडाकडे झुकतो. युरोपातल्या बहुतेक लष्करी बंदुकांत तो प्याल्याच्या पुढे बसवलेला असतो आणि मागे, झाडणाऱ्याच्या तोंडाकडे येतो.