ग्रिशमच्या सिनेमांची क्रमवारी लावायची तर आधी कागद बघा

जॉन ग्रिशमच्या कादंबऱ्यांवरचे सिनेमे चांगल्यापासून वाईटापर्यंत लावायला बसलं की लोक नट मोजायला लागतात. टॉम क्रूझ, ज्युलिया रॉबर्ट्स, मॅट डेमन. मग वाद 'मला कोण आवडतो' यावर येऊन अडकतो. मी वकिलांच्या ऑफिसात टायपिंगची नोकरी केली, त्यामुळे माझी नजर आधी टेबलावरच्या कागदांकडे जाते. ग्रिशमच्या बाबतीत ही खोड उपयोगी पडते. तो स्वतः मिसिसिपीत वकिली करायचा. त्याच्या गोष्टींमध्ये पाठलाग, खून सगळं असतं, पण बाजी बहुतेकदा उलटते ती एखाद्या बिलानं, पत्रानं, नाहीतर गायब केलेल्या पानांनी. म्हणून माझा प्रश्न एकच: प्रकरण जिथे फिरतं ती जागा सिनेमानं नीट दाखवली का?

(पुढे शेवट फुटणार आहेत. चालणार नसेल तर आधी सिनेमे बघून या.)

यादी आधी आखून घ्या. कादंबरीवरून बनलेले, कायद्याभोवती फिरणारे आणि थिएटरात आलेले एवढेच धरले तर 1993 ते 2003 या काळातले सात उरतात: 'द फर्म', 'द पेलिकन ब्रीफ', 'द क्लायंट', 'अ टाइम टू किल', 'द चेंबर', 'द रेनमेकर' आणि 'रनअवे ज्युरी'. दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमनचा 'द जिंजरब्रेड मॅन' मोह पाडतो, पण त्यामागे छापील कादंबरी नाही, तेव्हा बाहेर. टीव्ही मालिकांचा हिशेब वेगळा ठेवा. दहा तासांची मालिका आणि दोन तासांचा सिनेमा एका तराजूत बसत नाहीत.

सिनेमा आधी बघा, पुस्तक नंतर वाचा. उलट केलंत तर काय गाळलं याचीच उजळणी करत बसाल. सिनेमा संपल्याबरोबर एक ओळ लिहा: प्रकरण कशामुळे फिरलं? ओळ लिहिता आली नाही तर तो सिनेमा खाली जाणार हे समजा. मग पुस्तक वाचून बघा, ती जागा बदलली आहे का, आणि बदलामुळे काय हाती लागलं. पुस्तकाशी इमान राखलं म्हणून गुण देऊ नका. शेवटी सातही एकदम मांडण्यापेक्षा दोन-दोन समोरासमोर ठेवून निकाल लावा.

माझा पहिला नंबर 'द रेनमेकर', 1997. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोलानं इथे कसलीही चमक दाखवायची घाई केलेली नाही. ल्युकेमिया झालेल्या मुलाचा विमा दावा कंपनी पुन्हा पुन्हा फेटाळते, आणि त्याच्या आईला पाठवलेल्या पत्रात तिला सरळ मूर्ख म्हणते. ते पत्र कोर्टात वाचलं जातं तेव्हा मागे संगीताची गरजच राहत नाही. पुढे दावे कसे टाळायचे हे सांगणाऱ्या मॅन्युअलचा एक भागच गायब असल्याचं उघड होतं. चोरीला गेलेला कागद पुरावा म्हणून चालेल का, यावर झटापट होते, आणि तोडगा काढतो नायक वकिलाचा मदतनीस डेक (डॅनी डेव्हिटो), जो वकिलीच्या परीक्षेत सहा वेळा नापास झालाय! पाच कोटी डॉलरचा दंड होतो, कंपनी दिवाळं काढते, हातात छदाम येत नाही. जिंकण्याचा हा कडू हिशेब बाकीच्या सहांपैकी एकानंही इतका सरळ मांडलेला नाही.

दुसरा 'द फर्म'. अडीच तासांहून लांब आहे आणि मधे थोडा लोळतो, पण संगीतकार डेव्ह ग्रुसिनचा पियानो त्याला ओढून नेतो. इथे पुस्तक आणि सिनेमा दोन्ही समोर ठेवाच. नायक मिच हा गुन्हेगारांसाठी काम करणाऱ्या वकिलांच्या फर्ममधला तरुण वकील. पुस्तकातला मिच फर्मचे पैसे उचलून पळतो. सिनेमातला मिच अशिलांना फुगवून पाठवलेली बिलं शोधतो आणि ती टपालातून गेली म्हणून टपाल-फसवणुकीचा गुन्हा लावता येतो, हे हेरतो. अशिलाची गुपितं फोडायची नाहीत, सनदही वाचवायची आणि फर्मही बुडवायची. हा शेवट पुस्तकापेक्षा हुशार आहे, असं मी बेधडक म्हणते.

तिसरा 'द क्लायंट'. प्रेत कुठे लपवलंय हे कळलेल्या अकरा वर्षांच्या मुलाचं वकीलपत्र सुझन सॅरंडनची रेजी एका डॉलरवर घेते. सरकारी वकिलाची माणसं मुलाला वकिलाशिवाय प्रश्न विचारतात. रेजी नंतर त्या प्रश्नोत्तरांचं टेप रेकॉर्डिंग त्यांच्यासमोर ठेवते. कागद नाही, पण काम तेच. प्रेताच्या शोधाचा शेवटचा भाग मात्र साधारण.

चौथा 'रनअवे ज्युरी'. पुस्तकातली तंबाखू कंपनी सिनेमात बंदूक कंपनी झाली, आणि बिलॉक्सीचा खटला न्यू ऑर्लिन्सला गेला. ज्युरीची, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांची, निवड छान दाखवली आहे. जीन हॅकमन आणि डस्टिन हॉफमन, तरुणपणापासूनचे मित्र, पहिल्यांदाच एका सिनेमात आले. कोर्टाच्या स्वच्छतागृहातली त्यांची खडाजंगी बघण्यासारखी आहे. पण ती काढून टाका, खटल्याचं काहीच बिघडत नाही. माझ्या प्रश्नावर तिथेच गुण कापले जातात.

'अ टाइम टू किल' पाचव्यावर ठेवला की बोलणी खावी लागतात. मॅथ्यू मॅकॉनहीचं शेवटचं भाषण अंगावर येतं, मान्य. पण मुलीवर बलात्कार करणाऱ्या दोन गोऱ्यांना मारणाऱ्या कृष्णवर्णीय बापाच्या हातून वेडाच्या भरात गुन्हा घडला, हा बचाव साक्षीदार डॉक्टरच्या जुन्या शिक्षेमुळे आधीच कोसळलेला असतो. त्यानंतर कायदा बाजूला बसतो आणि अश्रू निकाल देतात. पुस्तकात 'ती मुलगी गोरी असती तर' ही कल्पना करायला ज्युरीतलीच एक बाई सांगते, बंद खोलीत. मला ती जागा जास्त खरी वाटते. सिनेमानं ते वाक्य नायकाला देऊन टाकलं.

'द पेलिकन ब्रीफ' सहावा. ज्या कागदावरून नाव, तो कागद पुढचे खून घडवतो आणि मग बराच वेळ फक्त धावपळ. ज्युलिया रॉबर्ट्स आणि डेन्झेल वॉशिंग्टन यांच्यामुळे बघवतो.

सातवा 'द चेंबर'. मृत्युदंडाची वाट बघणाऱ्या आजोबांसाठी नातू अर्ज, स्थगिती, अपील करत राहतो. पुस्तकात या कागदांचं ओझं जाणवतं, पडद्यावर नुसत्या तारखा येतात आणि जातात. हॅकमन इथेही आहे, 'द फर्म'मध्येही आणि 'रनअवे ज्युरी'मध्येही. दोन सिनेमांत बरोबरी झाली तर हीच युक्ती वापरा: तोच नट कोणत्या सिनेमात काहीतरी करताना दिसतो आणि कोणत्यात नुसता बोलताना, ते बघा.